जर्मन बाईंना झालेला उशीर
लाखांदूरकडच्या जुन्या तलावांचा अभ्यास करायला एक जर्मन बाई आल्या होत्या. मी शाळामास्तर, थोडंफार इंग्रजी येणारा, म्हणून त्यांचा दुभाषी झालो. सातची वेळ दिली की त्या पावणेसातलाच तलावाच्या पाळीवर हजर. माहिती सांगता सांगता एखादा मासेमार गप्पांत रमला, तर पेन टेकवून थांबायच्या आणि मग राहिलेला प्रश्न पुन्हा विचारायच्या. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. जर्मन लोक असेच असतात, हे मी गावभर सांगून टाकलं होतं.

एकदा तास उलटून गेला तरी त्या आल्या नाहीत. जमलेल्या मासेमारांना मी म्हणालो, "आज यंत्र बिघडलं वाटते. या लोकायले काळीज नसते, नुसती चाबी असते." सगळे खदखदून हसले.

तेवढ्यात त्या आल्या, कपडे चिखलाने माखलेले. मागून आलेला गावातला एक जण म्हणाला, "मास्तर, आमची बुढी रस्त्यात पडली. बाईनं तिले उचलून दवाखान्यात नेलं. मी गेलो तं तिचा हात धरून बसून होती."

बाईंनी मला विचारलं, "सगळे का हसत होते?"

"तुम्ही आलात म्हणून आनंद झाला त्यांना," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. सगळ्यांना हात जोडून, आमच्याकडूनच शिकलेल्या बोलीत त्या म्हणाल्या, "मलेबी खुशी झाली."

कुणी मान वर केली नाही. त्या वाक्याला दुभाषी लागला नाही.