कलावतीबाईंचं बंदर

ठाकुर्लीच्या शाळेतल्या कलावतीबाई म्हणजे भारी खटपटी बाई. एकोणनव्वद सालची गोष्ट. इतिहासाच्या तासाला सातवीची पोरं जांभया द्यायला लागली, तशी बाईंनी पुस्तक मिटलं आणि जाहीर केलं, "आजपासून ही शाळा म्हणजे जुनं कल्याण बंदर. तुम्ही व्यापारी, खलाशी, नाकेदार. फाटकातून येईल त्यानं माल दाखवायचा, जकात भरायची, चिंचोक्यांत! आणि मी सांगेपर्यंत खेळ कुणी मोडायचा नाही."

झालं! वर्ग नुसता पेटला. कुणी अरबस्तानचे घोडे उतरवले, कुणी मलमल चढवली, आणि पोरं आपणहून नकाशे धुंडाळू लागली. वर्षभर तोंडातून ब्र न काढलेली खाडीकाठची मंजुळा नाकेदार झाली, आणि काय सांगू तिचा तोरा!

हेडमास्तर महिपतराव मात्र वैतागले. "शनिवारी तपासणीला साहेब येतायत. हा पोरखेळ दिसला, तर इतिहास तुमच्याकडून काढून घेईन," त्यांनी बजावलं. बाई विचारात पडल्या. इतिहास गेला तर उरणार काय, शिवणकाम?

शनिवारी त्यांनी वर्गात खेळ थांबवला. सगळ्यांना सांगितलं. फाटकावर पहाऱ्याला उभ्या मंजुळेला सांगायचं तेवढं राहून गेलं.

साहेब आले. मंजुळेनं हात आडवा केला. "कुठनं आलात? माल काय?"

"ठाण्याहून. अगं, मी तपासणीला आलोय."

"तपासणी आमी करतो. पिशवी उघडा."

महिपतराव धावत आले. "अगं ए, सोड त्यांना! बाई, थांबवा हे!"

बाईही धापा टाकत पोचल्या. त्यांचा एक शब्द पुरला असता. पण मंजुळा त्यांच्याकडेच बघत होती, मान ताठ, हात तसाच आडवा. या पोरीला आता खाली बघायला लावायचं? छे!

"साहेब, बंदरात नाकेदाराचा हुकूम चालतो," बाई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, गेला इतिहास.

साहेबांनी चष्मा पुसला, मग पिशवी उघडली. "डिंकाचे लाडू आहेत. जकात किती?"

"चार चिंचोके."

"ते तर नाहीत माझ्याकडे."

"मग माल विका!"

साहेब गर्रकन महिपतरावांकडे वळले. "घ्या हो शेटजी, ताजा लाडू! चार चिंचोके फक्त!"

आता साहेबांना नाही कोण म्हणणार? महिपतरावांनी पोरांकडून जप्त केलेले चिंचोके मुकाट खिशातून काढले. साहेबांनी जकात भरली आणि आत शिरता शिरता म्हणाले, "बाई, तुमच्या तासाला मी मागच्या बाकावर बसणार. खेळ बंद करू नका हं!"

पोरांनी एकच गिल्ला केला. बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात महिपतराव आत निघाले, तर हात पुन्हा आडवा.

"शेटजी, लाडवाची जकात?"

"अगं, मी हेडमास्तर!"

"बंदरात हेडमास्तर नसतो."

खिसा तर रिकामा. महिपतरावांनी लाडू मोडला, अर्धा मंजुळेच्या हातावर ठेवला आणि बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "सोमवारी मला खलाशी करा. हेडमास्तराला इथं कुणी विचारत नाही."