डाव्या बाजूची पंधरा अक्षरं

पुण्यातल्या टीममध्ये गजेंद्रला सगळे 'सुसाट' म्हणायचे. सर्व्हरवर काही बिघडलं की बाकीचे अजून कोणती खिडकी उघडायची ते शोधत असायचे, आणि शेकडो मैल दूरच्या त्याच्या खेड्यातून, उंद्रीहून, याचा निरोप यायचा, "सापडलं. बघा आता." चार वर्षांत त्यांच्यातल्या कोणीही त्याला समोरासमोर पाहिलेलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर तो छातीपर्यंतच दिसायचा. हात टेबलाखाली असायचे.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, दिवाळीच्या सुट्टीत, सोयाबीनच्या मळणीयंत्रात त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. शेवटच्या वर्षी कॉलेजात एक कंपनी आली. लेखी परीक्षेत हा पहिला होता. मुलाखतीच्या खोलीत त्याने हात पुढे केला, समोरच्या माणसाने तो पाहिला, आणि पुढचे सगळे प्रश्न शेतीबद्दल विचारले. त्या दिवसानंतर गजेंद्रने हात कोणाला दाखवला नाही. पुढच्या कंपनीची मुलाखत घरून झाली आणि नोकरी लागली.

काम म्हणजे कमांड लाइनचं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, संगणक ती पाळतो. अशी एकेक आज्ञा साठ-सत्तर अक्षरांची असते. एका हाताने ती लिहायची तर डावा हात सारखा कळफलकाच्या उजव्या टोकाला पळवावा लागतो. गजेंद्रने पहिले दोन महिने तसं केलं आणि मनगट सुजवून घेतलं. मग त्याने एक फाइल लिहायला घेतली. लांब आज्ञेला छोटं टोपणनाव द्यायचं, म्हणजे टोपणनाव टाकलं की अख्खी आज्ञा चालते. हे जगातले सगळेच प्रोग्रामर करतात. गजेंद्रची अट एवढीच होती की प्रत्येक नाव कळफलकाच्या डाव्या बाजूच्या पंधरा अक्षरांतच बसलं पाहिजे. डावा हात जागचा हलायला नको, आणि स्पेस दाबायला अंगठा आहेच.

म्हणून चुका शोधायची आज्ञा 'गडबड'. जुना कचरा साफ करायची 'सारव'. नवीन कोड सगळ्या चाचणी सर्व्हरवर टाकायची 'फवार'. रोमन अक्षरांत लिहून बघा, सगळे शब्द डावीकडेच राहतात. एक सर्व्हर रोज रुसायचा, त्याला जोडून घ्यायची आज्ञा 'सासरा'. आधी दिलेल्या हजारो आज्ञांतून हवी ती दोन अक्षरांत वर काढणारं एक अवजार होतं, फायलींच्या ढिगात शब्द शोधणारं दुसरं होतं, आणि लाइट गेली तरी काम जिथल्या तिथे धरून ठेवणारं तिसरं. चार वर्षांत फाइल सहाशे ओळींची झाली.

"तुझ्या त्या डब्याले मराठी येते का बे?" वडील, उकंडराव, मागून पडदा बघत विचारायचे.

"येते थोडी. शिव्या नाई येत अजून."

"त्या मी शिकवतो, सरक."

जूनमध्ये कंपनीला एका बँकेचं काम मिळालं. बँकेने नियम केला की सगळं काम आमच्याच संगणकावर व्हायला हवं. म्हणजे घरच्या लॅपटॉपवरून बँकेच्या संगणकात शिरायचं आणि तिथेच लिहायचं. तिथे बाहेरून काही चिकटवता येत नव्हतं. स्वतःचं टोपणनाव बनवायची सोय बंद. अवजारं टाकायला मनाई. संध्याकाळी सातला तो संगणक पुसला जायचा, दिवसभराच्या आज्ञांच्या नोंदीसकट. अर्धं नाव लिहून टॅब दाबलं की उरलेलं भरलं जायचं, तेवढीच सोय राहिली.

पहिल्या दिवशी गजेंद्रने सवयीने 'गडबड' टाकलं. अशी आज्ञा नाही, असं उत्तर आलं. त्याने पुन्हा टाकलं.

पंधरवड्याला बारा-चौदा कामं संपवणाऱ्या गजेंद्रची त्या पंधरवड्यात चार झाली. पुढच्यात पाच. त्याच्या मॅनेजर शैलजा मॅडमने एकदा हसत विचारलं, दुसऱ्यांदा हसल्या नाहीत. तिसऱ्यांदा पत्र आलं: महिनाअखेर कामाचा वेग पूर्ववत झाला नाही, तर नोकरीचा पुनर्विचार होईल.

"सांगून टाक ना दादा त्याइले," काजल म्हणाली. ती त्याची धाकटी बहीण, पोलीस भरतीची तयारी करत होती. "हाताचं सांग. काही खोटं हाय का त्यात?"

"सांगतलं की मंग माह्यं काम कोनी पाह्यत नाई. हातच पाह्यतात."

"मंग मी बसतो तुह्या बाजूले. उजवी बाजू माही, डावी तुही."

त्याने तिला वेड्यात काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकच आज्ञा चार वेळा चुकली, तेव्हा त्यानेच हाक मारली.

काजल कॅमेऱ्याच्या बाहेर, उजवीकडे स्टूल घेऊन बसली. तो अक्षर पुटपुटायचा, ती दाबायची.

"ओ. पी. एल. अवं एल म्हणलं!"

"वरडू नको. जवानाची बोटं हायेत, दुखावली तर भरती हुकन माही."

दोन दिवसांत लय जुळली. तो पुटपुटायचा थांबला, कारण तिला शब्द ओळखू यायला लागले. तीन दिवसांत सहा कामं झाली. खूप दिवसांनी गजेंद्र जेवताना बोलला.

चौथ्या दिवशी सकाळी बँकेच्या संगणकाने त्याला आत घेतलंच नाही. दहा मिनिटांत शैलजा मॅडमचा व्हिडिओ कॉल आला.

"गजेंद्र, तुझं काम दुसरं कोणी करतंय का?"

"नाही मॅडम."

"बँकेचं सॉफ्टवेअर टायपिंगची चाल नोंदवतं. तीन दिवसांपासून तुझी चाल बदललीये. दोन माणसं टाइप करताहेत असा अहवाल आलाय माझ्याकडे. तुला कळतंय का हे किती गंभीर आहे? लोक पैसे देऊन दुसऱ्याकडून काम करून घेतात. तसं सिद्ध झालं तर नुसती ही नोकरी जाणार नाही, पुढे कोणी दारात उभं करणार नाही."

गजेंद्रने स्टुलावरच्या काजलकडे पाहिलं.

"मी तुझ्या बाजूने बोलायला बसलेय," मॅडम म्हणाल्या, "पण बोलू काय?"

त्याने उजवा हात टेबलावर घेतला. मग उचलून कॅमेऱ्यासमोर धरला.

मॅडम पडद्याजवळ सरकल्या.

"चार वर्षं? मला एकदा तरी सांगायचंस ना रे."

"मॅडम, माझ्या कामाबद्दल कधी तक्रार होती का?"

"नाही."

"म्हणूनच नाही सांगितलं. उजव्या बाजूची अक्षरं माझी बहीण दाबत होती. डोकं माझंच होतं मॅडम. माझी फाइल तिथे चालू द्या, फक्त तेवढी मागणी करा. कोणी लागणार नाही मग मला."

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. बँकेची सुरक्षा समिती पुरावा मागेल, म्हणून काम करतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायला सांगितला. काजलने तो मोबाइलवर काढला. अनोळखी माणसांना दाखवायला गजेंद्रने एक पूर्ण आज्ञा एका हाताने लिहिली. बावन्न सेकंद लागले. मध्ये एक अक्षर चुकलं. काजल म्हणाली, परत काढू. तो म्हणाला, राहू दे, तेच खरं हाय.

सहा दिवस उत्तर आलं नाही. त्या सहा दिवसांत त्याने लॅपटॉप उघडला नाही. उकंडराव शेतातून लवकर यायचे, पण त्याच्याशी काय बोलावं ते त्यांना कळायचं नाही. एकदा म्हणाले, "त्या सुट्टीत मशीनवर मीच उभा केला होता तुले." गजेंद्र म्हणाला, "बाबा, चहा पिता का?"

सातव्या दिवशी पत्र आलं. काम दुसऱ्याकडून करून घेतल्याचा आरोप मागे घेतला होता आणि बँकेच्या संगणकात पुन्हा प्रवेश दिला होता. स्वतःची फाइल चालवायची परवानगी मात्र नाकारली होती. नियम सर्वांना सारखा. खोलीत दुसरं माणूस चालणार नाही, दार बंद हवं. महिनाअखेरची मुदत तशीच. खाली शैलजा मॅडमची एक ओळ होती: मी पुन्हा मागणी केली आहे, पण तिचा निकाल महिनाअखेरच्या आत लागेल असं वाटत नाही.

अकरा दिवस उरले होते आणि मुदतीत संपवायची सात कामं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गजेंद्रने काजलचं स्टूल उचलून बाहेर ठेवलं आणि दाराला कडी लावली. काजल पुस्तक घेऊन ओट्यावर बसली, पण वाचलं काही नाही. आतून कळा ऐकू येत होत्या. चार-पाच भराभर, मग हात पलीकडे न्यायचा तेवढी शांतता, मग एक कळ. पुन्हा शांतता. मग एकच कळ सात-आठ वेळा, म्हणजे तो चुकलेलं खोडत होता.

उकंडराव गोठ्याकडून आले.

"होऊन राह्यलं का त्याचं?"

"करून राह्यला," काजल म्हणाली.

आत पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.