पिन न मारलेला रिपोर्ट

लॅबसमोरच्या टपरीवर मी आणि लॅबमधला रक्त काढणारा पोरगा, आम्ही दोघांनी चहा घेतला, तेच शेवटचं निवांतपण. तासाभरापूर्वी त्यानंच माझ्या सात महिन्यांच्या गरोदर लेकीचं रक्त काढलं होतं. तिचे पाय सुजत होते, बीपी चढत होतं. पुढं आईला-बाळाला धोका आहे का, ते म्हणे रक्तात आधीच दिसतं.

सुई टोचताना तो म्हणायचा, "पंख्याकडं बघ ताई, पडला तर मला सांग." रिपोर्टाला मात्र घडी घालून पिन मारायचा. विचारलं तर म्हणायचा, "बाबा, मी नुसतं रक्त काढतो. बाकी डॉक्टरला विचारा."

मागं माझ्या बायकोचा रिपोर्टही त्यानं तसाच दिला होता. मी चौथी शिकलेला. चार दिवस तो देवापुढं ठेवून हात जोडत बसलो. पाचव्या दिवशी ती गेली. दहाव्याला तो गोदेवर आला, लांबच उभा राहिला.

लेकीचं रक्त काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायच्या आधी तो माझ्या दारात उभा. हातात रिपोर्ट, पण पिन नाही.

"ताईला उठवा, बाबा. डॉक्टरशी बोललोय. आत्ताच ॲडमिट करायचंय."

मला जागचं हलता येईना. तो खाली बसला आणि माझ्या पायात चपला घालू लागला.