खाल्लेलं पाणी

आमच्या ह्यांना व्यसन एकच, आइस्क्रीमचं. तीस वर्षं लोकांचे फ्रीज दुरुस्त केले. गिऱ्हाईक चहाचं विचारायचं, तर हे गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "चहा नको. फ्रीजर नीट चालतोय का ते आइस्क्रीम खाल्ल्याशिवाय कळत नाही." आणि लोक खरंच द्यायचे.

मग किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि दिवसाला एक लिटरच पाणी, असं डॉक्टरांनी बजावलं. मी पहाराच बसवला. गोळीबरोबरचा घोट, अर्धा कप चहा, जे पितील ते वहीत. हे कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत बसायचे आणि ते मला बघवायचं नाही. म्हणून जेवण झालं की मीच वाटीभर आइस्क्रीम हातात ठेवायचे. पिणं बंद, खाण्यावर कुठं बंदी आहे, म्हटलं.

तरी वजन वाढायचं, पाय सुजायचे. एकदा बाहेरून आले ते जिन्यातच बसले. धाप इतकी, की बोलता येईना. माझ्या काळजाचं पाणी झालं.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसच्या सिस्टरनं वजनाचा काटा बघितला. "काकू, अंगात पाणी साचलंय, काका चोरून पाणी पितायत. असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल."

माझं डोकंच फिरलं. "थेंब न् थेंब लिहिलाय मी," म्हणत वही तिच्यापुढे आपटली.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी ती उचलली, चार पानं उलटली. "घरी आइस्क्रीम वगैरे होतं का?"

"होतं की, रोज."

"मग ते कुठंय ह्यात?"

"ते कशाला लिहू? ते पीत नाहीत, खातात."

बाई हसल्या नाहीत. ह्यांच्याकडे वळल्या. "काका, तुम्ही फ्रीजवाले ना? लाइट गेली की फ्रीजखाली काय साचतं?"

ह्यांनी वहीकडे बघितलं. मग म्हणाले, "पाणी. तीस वर्षं फडकं मीच मारलंय."

मला रडू आवरेना. माझ्याच हातांनी मी ह्यांचा श्वास कोंडत होते. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बंद नाही करायचं, मोजायचं. दुधाचं मात्र नको, ते ह्या किडन्यांना झेपत नाही. त्या लिटरातलंच अर्धी वाटी पाणी काढा, थोडी साखर, चार थेंब लिंबू, आणि ठेवा गोठवायला. वहीत लिहायचं पाणी म्हणूनच." वर्ज्य पदार्थांची यादी कोणीही दिली असती. ह्या बाईनं आमची वाटी आम्हाला परत दिली, तिचे उपकार मी कसे फेडू?

आता हे जिना एका दमात चढतात. जेवणानंतर खुर्ची ओढून अर्धी वाटी चमच्यानं खरवडत बसतात, घाई म्हणून नाही. मी वही उघडते आणि मुद्दाम विचारते, "काय लिहू? प्यायलात की खाल्लंत?"

परवा चमचा चाटून म्हणाले, "पुरलं, असं लिही."

मी तसंच लिहिलं.