हात वर न करणारी मुलगी

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत राहायला गेलो तेव्हा मी चाळिशीला टेकले होते आणि माझ्याइतकं शहाणं त्या गावात कुणी नाही, असं माझं ठाम मत होतं. आता नातवंडं मला जमिनीवर ठेवतात. तेव्हा ते काम करायला कुणी नव्हतं.

लेक चौथीत होती. त्या राज्यात चौथीनंतर वर्गाच्या बाईच ठरवायच्या: हे मूल गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवर, आणि ते हाउप्टशूलेत, म्हणजे लवकर कामधंद्याला. आईबापांचं म्हणणं ऐकून घेत, मानत नसत. आमच्या लेकीला बाईंनी हाउप्टशूलेत टाकलं. गणित छान, लिहिणं छान, पण ही वर्गात हात वर करत नाही, आपणहून बोलत नाही. आणि तिथे बोलण्यालाच भारी गुण. अशा शांत मुलांना गिम्नाझियममध्ये त्रास होतो, असं बाईंनी मला गोड हसून समजावलं. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

शांत केली होती मीच. रोज डबा हातात देताना बजावायचे, बाईंनी विचारलं तरच बोल, मोठ्यांच्या मध्ये तोंड घालू नकोस. पुण्याच्या शाळेत ह्याच गुणावर मला आदर्श विद्यार्थिनीचं बक्षीस मिळालं होतं. तेच बक्षीस मी जर्मनीत वाटत सुटले होते.

त्याच सुमारास कळलं, की शिक्षणाच्या हक्कावर नजर ठेवणारे एक आंतरराष्ट्रीय तपासनीस येताहेत. जर्मनीने मुलांच्या हक्कांच्या करारावर सही केलीय, तो पाळतात का ते बघायला. परदेशी पालकांनाही ते भेटणार होते. मी नवऱ्याला म्हटलं, "आता बघाच तुम्ही." माझ्या डोक्यात तपासनीस म्हणजे आपल्याकडचे शिक्षणाधिकारी. ते आले की हेडमास्तरांना घाम, आणि हुकूम जागच्या जागी. बाई थंडीत कांजीवरम नेसून निघाल्या, हातात चकल्यांचा डबा. ह्या बाई म्हणजे मीच.

सभेत सरकारी साहेबांनी आधी ऐकवलं, की आमच्या शाळा सगळ्या मुलांना सारखंच वागवतात. मागे बसलेली एक तुर्की आई मोठ्यांदा हसली. माझी पाळी आली तेव्हा मी सगळं सांगून तपासनीसांना म्हटलं, आता शाळेला फोन करा.

"एकेका मुलाच्या बाबतीत आम्हाला काही करता येत नाही," ते म्हणाले. "आम्ही देशाचं वागणं तपासतो आणि अहवाल देतो."

"कधी?"

"पुढच्या वर्षी."

"तोवर ही पाचवीत असेल. कुठल्या शाळेतल्या?"

त्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं. बाईंचा निर्णय पटला नाही तर प्रवेशपरीक्षेची सोय आहे की, असं सरकारी साहेब म्हणाले, उरलंसुरलं वाढल्यासारखं. चकल्या मी कुणालाही दिल्या नाहीत. परतताना ट्राममध्ये रागारागाने एकटीने खाल्ल्या.

मग घरी उलटी शाळा सुरू झाली. मी बोलायला लागले की मला मध्येच तोडायचं, असा लेकीला हुकूम. तिला जमेना. तेव्हा वडिलांनी तोडून दाखवायचं पत्करलं, आणि त्यांनी ते इतक्या आवडीने केलं की मला संशय आला, किती वर्षांचं साठवून ठेवलंय ह्या माणसाने. एकदा जेवताना मी बाईंच्या नावाने बोटं मोडत होते. लेक जर्मनमध्ये म्हणाली, "आई, थांब. माझं बोलणं संपलेलं नाही." माझा हात उगारला जायच्या बेतात होता. तो मी भाताच्या पातेल्याकडे वळवला.

लेक प्रवेशपरीक्षा पास झाली. गिम्नाझियममध्ये गेली.

अहवाल यायचा तेव्हा आला. इतक्या लहानपणी मुलांची वाटणी करू नका, असं त्यात होतं. बाहेरच्या माणसाने आम्हाला शिकवू नये, म्हणून मोठमोठे लोक खवळले. लेकीला घेऊन बेकरीत गेले तर तिच्या जुन्या बाई भेटल्या, त्याही तेच म्हणाल्या. "तुमची मुलगी पोचलीच ना? त्या लोकांना आमची पद्धत कळलीच नाही." आणि तुमची ही लढाऊ आई "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, म्हणत मान डोलवत होती.

बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत लेक म्हणाली, "तुमच्या पद्धतीने मला हाउप्टशूलेत पाठवलं होतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रागावेन, अशी त्यांची अपेक्षा असावी.

"उद्धट झालीय," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "फार मेहनत घेतली आम्ही."