वाऱ्यावर सोडलेली क्रेन

खोली तिनं घेतली ती खिडकीसाठी. इस्त्रीच्या धंद्याला उजेड लागतो, नाहीतर कॉलरवरचा डाग आपल्याला दिसत नाही आणि गिऱ्हाइकाला मात्र बरोबर दिसतो. शिवाय नवरा टाकून गेलेल्या बाईला, कडेवर धाकटा भाऊ असताना, जास्त चौकशा न करता जागा देणारा तो एकच घरमालक निघाला होता. खिडकीतून लांबवर एक टेकडी दिसायची. संध्याकाळी सूर्य तिच्यामागे जायचा आणि जाताजाता घड्या घातलेल्या कपड्यांवर थोडा वेळ पडून राहायचा. एवढंच काय ते तिचं ऐश्वर्य.

तेही लोकांना बघवलं नाही. टेकडीच्या अलीकडे टॉवर उठायला लागले. आधी टेकडीचे पाय झाकले गेले, मग कंबर, मग एके दिवशी डोकंही गेलं. ऊन दुपारीच आवरतं घ्यायला लागलं आणि इस्त्रीवालीला भरदिवसा दिवा लावावा लागला. ती इस्त्री आपटत म्हणायची, "मेल्यांना जमीन पुरली नाही, आता आभाळ खायला निघालेत!" शेजारीण दारातून हसायची. हसायला काय जातं, तिची खिडकी दुसऱ्या बाजूला होती.

आणि गंमत बघा, त्याच टॉवरांवर तिचा भाऊ कामाला लागला. त्याला सगळे बारक्या म्हणत. लहानपणी होताच तसा, मूठभर. पुढे दारातून वाकून यायची वेळ आली तरी नाव काही बदललं नाही. आधी त्यानं विटा वाहिल्या, मग सळया बांधल्या, मग कुणाच्या तरी हातापाया पडून क्रेन चालवायला शिकला. तो पहिल्यांदा वर चढून केबिनमध्ये बसला त्या दिवसापासून बाईच्या शिव्या बंद झाल्या. आता आभाळ खाणाऱ्यांत घरचा माणूस होता, बोलणार कुणाला? उलट त्याच खिडकीत ती डोळ्यांत तेल घालून उभी राहायला लागली.

त्या पहिल्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "झालं काम. सोडली वाऱ्यावर आणि आलो."

तिचा वाढता हात थांबला. त्या घरात हा शब्द कुणी काढत नसे. नवरा गेला तेव्हा अख्खी गल्ली तेच म्हणत होती, 'वाऱ्यावर सोडलं हो बिचारीला', आणि म्हणताना दारातून आत डोकावून बघत होती.

बारक्यानं जीभ चावली. "अगं ताई, क्रेनचं सांगतोय मी!" मग ताटातला चमचा पेल्यावर आडवा ठेवून त्यानं समजावलं. हा क्रेनचा लांब हात. दिवसभर तो आपल्या हुकमात. पण काम संपलं की ब्रेक काढून टाकायचा, मग वारा नेईल तिकडे तो आपोआप वळतो. "आणि धरून ठेवलीस तर? वारा धडका मारमारून आडवी करेल तिला. सोडली म्हणून उभी राहते."

"सोडली म्हणून उभी राहते," ती म्हणाली. "बरं आहे बाई तिचं." आणि चक्क हसली. त्या शब्दावर हसायची तिची ही पहिलीच वेळ.

मग ती रोजचीच खूण झाली. कामावरची क्रेन कशी, थांबते, वळते, खाली आकडा सोडते, माल उचलते, सगळं तालात. सोडलेली क्रेन मात्र रस्त्यावर रेंगाळणाऱ्या रिकामटेकड्यासारखी, उगाच इकडे, उगाच तिकडे. संध्याकाळी ती अशी रेंगाळताना दिसली की ताई चहा टाकायची. चहाला उकळी येईपर्यंत बारक्या जिन्यात शीळ घालत असायचा. शेजारीण म्हणायची, "भाऊ आहे की सूर्य गं तुझा? सारखी खिडकीत!" तर ही म्हणायची, "सूर्य तर त्यांनी झाकला. आता हाच आहे."

हा शेवटचा टॉवर सगळ्यांत उंच होता. तो अर्ध्याहून वर गेला आणि बारक्याची शीळ थांबली. घरी आला की तो भिंत धरून बसायचा. "वर गरगरतं," एकदा बोलून गेला. "केबिनमध्ये बसलं की बरं वाटतं. शिडीवर मात्र हात सुटतात की काय असं होतं."

तिनं इस्त्री बाजूला ठेवली. "सोड ते काम."

"मुकादम म्हणतो, वरचा स्लॅब होईपर्यंत थांब. दुसरा माणूस मिळत नाहीये."

"मुकादमाला म्हणावं तू चढ!"

रोज सकाळी हे भांडण. रोज तो उद्यावर ढकलायचा, आणि रोज ती दिवसभर जीव टांगणीला लावून खिडकीत. एकदा साहेबलोकांचा पांढराशुभ्र शर्ट तिच्या हातून करपला. पहिला टॉवर केव्हाच भरला होता आणि तिथलेच कपडे आता तिच्याकडे येत होते. तिनं निमूट शिव्या खाल्ल्या.

त्या दिवशी सकाळी त्याला चहाही गेला नाही. चप्पल घालायला वाकला आणि चौकट धरून तसाच थांबला. तेव्हा ती दार अडवूनच उभी राहिली. "आज तू सांगतोस, की मी येऊ मुकादमाकडे?"

"तू नको येऊस बाई. तो पळून जाईल, मग मला सोडणार कोण?" तो हसला, पण तिचं तोंड बघून त्यानं हसू आवरलं. "आज सांगतो. अगदी नक्की. दुपारी चहाला खाली उतरलो की सांगतो, क्रेन वाऱ्यावर सोडतो आणि सरळ घरी. तुला इथूनच दिसेल."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

ती बाजूला झाली.

दुपार झाली. वारा उठला, वाळत घातलेले कपडे दोरीवर फडफडायला लागले. चहाच्या वेळी क्रेन थांबली. म्हणजे उतरला, सांगत असेल. मग ती पुन्हा हलेना, सुटेनाही. लांब हात एकाच जागी ताठ. इस्त्रीवालीनं इस्त्री उभी करून ठेवली आणि खिडकीचे गज धरले. मुकादम काय म्हणतोय कोण जाणे. नाहीच म्हणत असेल. 'सांग रे, ठणकावून सांग,' ती पुटपुटली.

आणि मग तो हात हलला. आकडा खाली न सोडता, कशासाठी न थांबता, हळूच वाऱ्याबरोबर वळला, जरा मागे आला, पुन्हा वळला.

तिचा जीव भांड्यात पडला. "सोडली!" ती ओरडली. "अगं ए, सोडली गं त्यानं, सोडली!"

शेजारीण धावत आली. "काय सोडली? दारू?"

"दारू पितो का तो, भवाने? क्रेन सोडली! आता कायमचा खाली आला माझा बारक्या." तिनं शेजारणीचे दोन्ही हात धरून हलवले. इतक्या वर्षांत शेजारणीनं तिला असं पाहिलं नव्हतं, तिलाही उगाचच रडू आलं.

मग काय विचारता! चहा टाकला. अंडी उकडत ठेवली, त्याला मीठमिरी लावून आवडायची. स्वतःची उशी त्याच्या अंथरुणावर ठेवली. सायकलवरून कपडे पोहोचवायचं काम त्याला द्यायचं, हे तिनं अंडी सोलता सोलता ठरवूनही टाकलं. जमिनीवरचं काम, दोन्ही पाय खाली टेकतील असं.

चहा उकळून काळा झाला. सोबत्यांचा निरोप घेत असेल. अंडी गार झाली. केस कापायला थांबला असेल, किती वाढलेत. सूर्य टॉवरामागे गेला, क्रेन तिकडे आपली रेंगाळत होती.

जिन्यात पावलं वाजली, पण ती त्याची नव्हती. दारात मुकादम उभा होता, हेल्मेट हातात फिरवत, आणि त्याच्यामागे कंपनीचा साहेब. शेजारीणही आली.

त्यांनी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "तो अजून आला नाही बघा. तिथून तर केव्हाच निघालाय. मी पाहिलं ना, क्रेन सोडली त्यानं."

मुकादमानं मान वर केली. "त्यानं नाही सोडली, बाई."

मग त्याला सगळं सांगावंच लागलं. बारक्या चहाला उतरला होता. आता होत नाही, मला सोडा, म्हणाला होता. "मी म्हटलं, वारा वाढायच्या आत एवढा माल वर जाऊ दे, मग जा. तो पुन्हा चढायला लागला. शिडीवरून..." हेल्मेट त्याच्या हातात थांबलं. "क्रेन तशी ठेवता येत नाही वाऱ्यात. पडली तर सगळ्यांवर येते. म्हणून शेजारच्या साइटवरचा क्रेनवाला बोलावून चढवला आणि सोडून घेतली. मग तुमच्याकडे यायचं बघितलं."

"म्हणजे ती सुटली तेव्हा," ती म्हणाली, "तो कुठे होता?"

"खालीच होता. झाकून ठेवला होता."

शेजारणीनं पदर तोंडात कोंबला. इस्त्रीवाली मात्र रडली नाही. ती साहेबाच्या शर्टाकडे बघत होती. बाहीवरची ती धारदार घडी तिच्याच हातची होती.

साहेब एक पाऊल पुढे आला आणि अशा वेळी सगळे जे म्हणतात तेच म्हणाला. "धीर धरा, ताई. कंपनी तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही."

तिनं खिडकीकडे पाहिलं. क्रेन वारा नेईल तिकडे वळत होती, आणि उभी होती.

"ती पडेल म्हणून तिला लगेच सोडलीत," ती म्हणाली. "तो सोडा म्हणत होता, तर त्याला धरून ठेवलंत."

साहेबाला त्यातलं काही कळलं नाही. मुकादमाला कळलं. तो बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.