मावा लागला, औषध द्या!

इकडे गुजरातेत, गोडादऱ्यात आमच्या सोसायटीखाली रविवारी चहाला चौघं-पाचजण जमतो. कुणी यंत्रमागावरचं सांगतं, कुणी साड्यांच्या दुकानातलं. माझी पाळी आली की सगळे आधीच हसतात. "तुझ्याकडे काय असणार? किडे!"

खरं आहे. भेस्तानच्या पुढे शेती-औषधांचं एक दुकान आहे, तिथल्या काउंटरवर मी चौदा वर्षं उभा आहे. मूळचा खान्देशातला, अमळनेरकडचा, शिक्षण शेतीचं. आजूबाजूच्या गावांतून वालाची पापडी, चवळी, तूर, मूग लावणारे लोक येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते, रस शोषणारी कीड. मावा, तुडतुडे, पांढरी माशी. या किडी पान कुरतडत नाहीत, सोंड खुपसून आतला रस पितात. माणसाच्या लक्षात येईपर्यंत पान आकसून गेलेलं असतं. पण कीड एकटी कधी दुकानात येत नाही हो! कुणाच्या तरी घरातलं काहीतरी सोबत घेऊन येते. ते मग माझ्यापाशी साठत जातं.

*

रमणभाई नावाचे एक शेतकरी. एकदा काड्यापेटी घेऊन आले आणि काउंटरवर आपटली. "नवा रोग आलाय चवळीत. भारी दवा आपो!"

पेटी उघडली. आत काळ्या रंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या होत्या, सुसरीच्या इवल्याशा पिल्लांसारख्या. मी हसलो नाही. त्यांनीच आणलेला माव्याने भरलेला एक शेंडा कागदावर ठेवला आणि एक अळी त्यावर सोडली. "दोन मिनिटं बघा फक्त."

अळी सरकली. एक मावा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. रमणभाई चष्मा सारून वाकले. मी म्हटलं, "लहानपणी लाल, काळ्या ठिपक्यांचा किडा हातावर चालवायचो ना आपण? त्याची ही पिल्लं. तुमच्याकडे फुकट कामाला आलीत."

रमणभाईंनी ती अळी कागदावरून उचलून पेटीत परत ठेवली. मग हळूच म्हणाले, "अन् काल मी दोन पंप औषध मारलं, ते कुणाला मारलं?"

*

दोन सख्खे भाऊ होते. शेतं लागून, दोघांचाही मूग, आणि मध्ये तीन वर्षांचा अबोला. कारण काय होतं ते गावातही कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

थोरल्याच्या मुगावर पांढरी माशी आली. ही माशी रसही पिते आणि एका झाडाचा रोग दुसऱ्याला देते. पानं पिवळीधमक पडतात, शेंग भरत नाही. मी सांगितल्याप्रमाणे थोरल्याने पिवळी झाडं उपटून पुरली, फवारणी केली. आठ दिवसांनी परत हजर. "तुमचं औषध खोटं आहे!"

मी शेतावर गेलो. बांधापलीकडे धाकट्याचा मूग होता, निम्मा पिवळा. म्हटलं, "काका, माशीला तुमचं भांडण माहीत नाही. ती रोज इकडून तिकडे जाते. दोघांनी एकाच दिवशी केलं तरच उपयोग."

ते बांधावर उभे राहिले. पलीकडे धाकटा वाकून काम करत होता. दोनदा तोंड उघडलं, मिटलं. शेवटी ओरडले, "तुझ्या मुगात माशी आहे!"

धाकटा सावकाश उठला. हातातली माती झटकली आणि म्हणाला, "माहीत आहे. तू बोलायची वाट बघत होतो."

*

शोभाताई आमच्याच गोडादऱ्यातल्या. साड्यांच्या घड्या घालण्याच्या कारखान्यात कामाला, आणि नवऱ्याने गावाबाहेर थोडी जागा कसायला घेतलेली. चवळीवर पांढरी माशी आली म्हणून दोघं दुकानात आले. मी त्यांना पिवळे चिकट सापळे दाखवले. पिवळा रंग दिसला की माशी येऊन बसते आणि चिकटते.

ताईंनी सापळा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "नुसता पिवळा रंग अन् वरून चिकट, एवढंच ना?"

पुढच्या आठवड्यात मला बोलावून नेलं. चवळीच्या ओळींत काठ्या रोवलेल्या, प्रत्येक काठीवर पिवळ्या साडीचा तुकडा ताणून बांधलेला, त्याला एरंडेल चोपडलेलं. सगळे तुकडे माश्यांच्या ठिपक्यांनी भरलेले!

"भाऊ," ताई म्हणाल्या, "आमच्याकडे एवढासा डाग दिसला तरी पीस रिजेक्ट. सुपरवायझर चारचौघांत बोलतो. इथे बघा, जितके डाग जास्त तितकं काम चांगलं!"

*

पुढचं सांगायच्या आधी मी चहाचा कप खाली ठेवतो.

हिम्मत धरणगावकडचा, म्हणजे माझ्याच खान्देशातला. इकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या तुरीत फवारणीला होता. तूर डोक्याच्या वर वाढलेली, त्यात भर दुपार आणि वारं उलटं. औषध पानावर कमी आणि याच्या तोंडावर जास्त पडत होतं. रुमाल बांधलेला नाही, हातमोजे नाहीत.

दुकानाच्या फोनवर त्याच्या बायकोचा, कमलचा आवाज आला. "भाऊ, यास्ले काय व्हई गयं! काय झालं यांना! तोंडातून फेस येतोय!"

मी म्हटलं, "कपडे काढ त्याचे. साबणाने अंग धू. गाडी पाठवतोय. आणि कमल, ऐक! औषधाची बाटली बरोबर घे. डॉक्टर आधी तेच विचारतील."

दवाखान्यात मी पोचलो तेव्हा ती दारात उभी होती. पदरात अकरा बाटल्या. शेतावरच्या शेडमध्ये होत्या तेवढ्या सगळ्या! "मला वाचता येत नाही ना भाऊ," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "यातली कुठली?" कमलने हिम्मतचा काढलेला शर्ट पिशवीत गुंडाळून आणला होता. ती पिशवी तिने चाचपली, आणि खिशात काहीतरी कडक लागलं. झाकण! अकरांपैकी एकाच बाटलीला झाकण नव्हतं. तीच डॉक्टरांच्या हातात गेली.

हिम्मत वाचला. दोन महिन्यांनी दोघं दुकानात आले. मी बोलत होतो, पण कमलचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती माझ्यामागच्या फळीवरच्या बाटल्यांकडे बघत होती. बोट पुढे करून, एकेक अक्षर लावत, मोठ्याने म्हणाली, "झे... र."

"झेर" म्हणजे गुजरातीत विष. हिम्मत म्हणाला, "पोरीकडून शिकतेय. पहिला हाच शब्द शिकव म्हणाली."

*

आमचे मालक धनसुखभाई तसे कमी बोलणारे. एक ओळखीचा शेतकरी पापडी घेऊन टेम्पोने बाजारात निघालेला. दुकानापाशी थांबला. एक छोटी पिशवी आणून म्हणाला, "शेठ, उंधियूच्या भाजीसाठी. खास तुमच्यासाठी वेगळी तोडलीय."

धनसुखभाई म्हणाले, "वेगळी कशाला? टेम्पोतली दे ना, तीही ताजीच आहे." आणि त्यांनी गोणीत हात घातला.

त्या माणसाने चटकन त्यांचं मनगट धरलं. "नको शेठ! ती बाजाराची आहे. काल संध्याकाळीच फवारलंय."

मालकांनी हात सोडवून घेतला. पिशवीही परत दिली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बाटलीवर ते स्वतः जाड मार्करने लिहितात, फवारल्यावर इतके दिवस तोडायचं नाही. आणि गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेतात. तो माणूस पुन्हा आला तेव्हा त्याला म्हणाले, "तू दोनदा वाच."

*

मुरलीधर आप्पा गिरणीतून निवृत्त झालेले, खान्देशातलेच. उधन्यात सगळी नोकरी केली आणि नंतर भेस्तानच्या बाहेर जरा जागा घेऊन पापडीचा मांडव घातला. आमच्या दुकानात कधीच यायचे नाहीत. एका सकाळी आले आणि म्हणाले, "मावा लागला. औषध द्या."

मी सवयीने विचारलं, "आप्पा, आत्तापर्यंत काय मारत होतात?"

"काहीच नाही. आमच्या पापडीला मावा लागतच नाही." मग थांबून म्हणाले, "माझी बायको वारली. तीन आठवडे झाले."

मी औषधाचं नाव लिहून चिठ्ठी खिशात टाकली. म्हटलं, आधी बघून घेतो, चला.

मांडवाचे शेंडे काळे झाले होते. मुंग्यांची रांग लागलेली, पानांवर चिकटा. मी एक वेल हातात घेऊन खालपासून वर बघत गेलो. बाजूची एक फांदी फुटलेली, तिचा शेंडा नखाने तोडलेला. जखम वाळलेली होती. त्याच्या वरच्या फांदीचंही तेच. तिच्या वरचीही. दुसरी वेल बघितली, तिसरी बघितली. कोपऱ्यात साबणाचं पाणी आटून गेलेली बादली होती, तळाशी सुकलेले शेंडे.

"आप्पा, वहिनी सकाळी मांडवात काय करायच्या?"

"फिरायची. मी चहा घेत पेपर वाचायचो, ती फिरून यायची. का?"

मी त्यांचं बोट धरून वेलीवर ठेवलं. एकेक खुडलेला शेंडा दाखवत वर नेलं. मावा दिसला की वहिनींनी तेवढा शेंडा काढायचा आणि बादलीत टाकायचा, रोज, न बोलता. छातीच्या उंचीवर एके ठिकाणी खुणा संपल्या. तिथून वर, गेल्या तीन आठवड्यांत वाढलेलं, सगळं काळं होतं.

आप्पांचं बोट तिथेच थांबलं. पुढच्या वेलीपाशी गेले, तिथेही खालपासून चाचपत त्या जागेपर्यंत आले. मग तिसऱ्या.

"इथपर्यंत ती होती," ते म्हणाले.

मी खिशातून औषधाच्या नावाची चिठ्ठी काढली. त्यांनी ती घेतली नाही. बादली उचलली, नळाखाली धरली, आणि पाणी भरत असताना माझ्याकडे न बघता म्हणाले,

"नखाने कसं खुडतात, दाखव बरं एकदा."